ब्रिटनचा हिवाळा आणि वेस्ट इंडीजचा मोसम

बार्बाडोसच्या ब्रिजटाउन शहरात जानेवारीत दुपारचे तापमान २८-२९ अंश सेल्सियस असते, आणि ऑगस्टमध्ये ३०-३१. एवढ्याशा फरकावर वर्षाचे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ असे दोन भाग पाडता येणार नाहीत. तरी ब्रिटनमधून कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्याच्या लेखी हे भाग फार पूर्वीपासून पडलेले आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मोसम, आणि उरलेले वर्ष बिगरमोसमी. यात बेटांच्या हवामानाचा हात आहेच. डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत हवा कोरडी असते आणि ईशान्येचे व्यापारी वारे सुखद वाहतात. जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ असतो. पण दुसरा हात लंडनचा आहे. तिथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस आठ तासांचाही नसतो, आणि एडिंबरात तो सातच तासांवर येतो. मोसमाचे अर्धे कारण बेटांवर सापडते आणि अर्धे ब्रिटनच्या काळोखात. ही विभागणी पहिल्यांदा केली ती मात्र पर्यटकाने नव्हे. ती केली साखरेच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या विमेकऱ्याने.

इंग्रजांनी बार्बाडोसवर वसाहत केली १६२७ मध्ये आणि जमैका जिंकून घेतले १६५५ मध्ये. सतराव्या शतकाच्या मध्यापासून या बेटांवर एकच पीक राज्य करू लागले, ते म्हणजे ऊस. तो तोडायचे आणि गाळायचे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करवून घेतले जाई. महाराष्ट्रातला गाळप हंगाम पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तसा तिथला जानेवारीत सुरू होई आणि मे-जूनपर्यंत चाले. जहाजांचे वेळापत्रक त्याच्याच मागे धावे. शरद ऋतूत लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल, ग्लासगो सोडायचे. जाताना खारवलेले मासे-मांस, लोखंडी कढया, कापड, अवजारे न्यायची. वसंतात साखरेची आणि रमची पिंपे भरायची. आणि जुलै संपायच्या आत परतीची शिडे उभारायची.

जुलै संपायच्या आतच का, याचे उत्तर लॉइड्समध्ये होते. एडवर्ड लॉइडचे कॉफीगृह १६८० च्या दशकात टॉवर स्ट्रीटवर होते आणि १६९१ मध्ये ते लॉम्बार्ड स्ट्रीटवर आले. तिथल्या टेबलांवर जहाजांच्या जोखमीचा सौदा होई. वेस्ट इंडीजच्या परतीच्या प्रवासासाठी अठराव्या शतकात एक रिवाज पक्का झाला होता. जुलैअखेर किंवा १ ऑगस्टच्या आत बंदर सोडले तर विम्याचा हप्ता एक, त्यानंतर सोडले तर जवळजवळ दुप्पट. या रिवाजामागे वादळाचे शास्त्र नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांत बुडालेल्या जहाजांचा हिशेब होता. पण त्या हिशेबाने जे साधले ते कोणत्याही सरकारी हुकमाला साधले नसते. मळेवाले मुकादमांच्या मागे लागत, मुकादम गुलामांच्या, आणि कप्तान धक्क्यावर पिंपे मोजत उभे राहत, कारण दोन दिवसांच्या उशिराची किंमत पौंडांत ठरलेली होती. इंग्लंडला परतणारे मळेवाले, त्यांची बायका-मुले, बदलीवर जाणारे अधिकारी हे सगळे त्याच जहाजांतून जात. माणसांचा प्रवास साखरेच्या पिंपाच्या मागे बांधलेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या गर्दीचा दुसरा परिणाम थेम्स नदीत दिसे. तांडेच्या तांडे एकाच वेळी उन्हाळ्यात लंडनला पोचत. माल उतरवायला आठवडेच्या आठवडे लागत आणि तोवर नदीत चोरट्यांचे फावे. १८०२ मध्ये लंडनच्या पूर्वेला वेस्ट इंडिया डॉक्स उघडले त्यामागे हे एक मोठे कारण होते. आज त्या जागेवर कॅनरी वॉर्फचे मनोरे उभे आहेत.

कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला हे पंचांग उफराटे वाटेल. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून समुद्र खुला करायचा, ही इकडची रीत. अरबी समुद्र ज्या सुमारास शांत होऊ लागतो, नेमका त्याच सुमारास अटलांटिकपलीकडचा दर्या बिघडू लागतो. व्हर्जिन बेटांवर तर जुलैत वादळ टळावे म्हणून प्रार्थनेचा दिवस आणि ऑक्टोबरात ते टळले म्हणून आभाराचा दिवस पाळण्याची प्रथा आहे. ‘हरिकेन’ हा शब्द तिथल्या मूळ ताइनो लोकांचा. मराठी घरांत तो वादळाआधी कंदिलाच्या नावातून शिरला, ही गंमतच.

ब्रिटिश नौदलानेही विमेकऱ्याचेच पंचांग उचलले. १७८० च्या सप्टेंबरात ॲडमिरल रॉडनी आपल्या ताफ्याचा एक भाग घेऊन न्यूयॉर्कला निघून गेला. त्या काळी लढाईसुद्धा वादळाच्या महिन्यांत उत्तरेकडे सरकत असे. त्याच्या मागे, १० ते १६ ऑक्टोबरदरम्यान, बार्बाडोसपासून पुढच्या बेटांवरून जे वादळ गेले त्यात सुमारे २२,००० माणसे मेली. अटलांटिकच्या नोंदलेल्या इतिहासात त्याहून प्राणघातक वादळ दुसरे नाही. डिसेंबरात परतलेल्या रॉडनीला बार्बाडोस ओळखू येईना.

वादळापेक्षा मोठा शत्रू होता पीतज्वर. पाऊस सुरू झाला की नव्याने आलेली गोरी माणसे पटापट मरत, हे सगळ्यांना दिसत होते. का मरतात ते कोणालाच ठाऊक नव्हते. दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेवर सगळा दोष जाई. म्हणून फौजा शरदात रवाना करायच्या आणि कोरड्या महिन्यांत लढाई उरकायची, असा बेत असे. बेत कागदावर सोपा होता. सर राल्फ ॲबरक्रॉम्बीच्या सैन्याला घेऊन ॲडमिरल ख्रिश्चनचा ताफा १७९५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आधीच उशिरा, निघाला. इंग्लिश खाडीतल्या तुफानाने त्यातली जहाजे डॉर्सेटच्या चेसिल किनाऱ्यावर आपटली. डिसेंबरातला दुसरा प्रयत्नही वाऱ्याने उधळला. वेस्ट इंडीजच्या वादळांची धास्ती घेतलेली फौज इंग्लंडच्याच दारात बुडाली. उरलेल्यांपैकी पुष्कळ जण पोचेपर्यंत वसंत आला होता आणि त्यापाठोपाठ पाऊस. १७९३ ते १८०१ या काळात वेस्ट इंडीजला धाडलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी जवळपास निम्मे तिथेच मेले, आणि त्यातले बहुतेक तापाने.

विमेकऱ्याच्या वहीतली रेघ शास्त्राच्या कागदावर यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३१ च्या ऑगस्टमध्ये बार्बाडोस पुन्हा उद्ध्वस्त झाले. सरकारी इमारती पुन्हा उभारायला पाठवलेल्या विल्यम रीड या लष्करी अभियंत्याने जहाजांच्या रोजनिशा गोळा करायला सुरुवात केली आणि १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. वारा केंद्राभोवती फिरतो, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट आणि दक्षिण गोलार्धात घड्याळासारखा, हे त्याने रोजनिशांच्या आधारे मांडले. पुढे गव्हर्नर म्हणून बार्बाडोसला आल्यावर वायुभारमापक पाहून बंदरातल्या जहाजांना इशारा देण्याची व्यवस्थाही त्याने सुरू केली. १८५५ मध्ये हवानाच्या आंद्रेस पोए याने १४९३ पासूनच्या ४०० वादळांची जंत्री लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्यातली बहुतेक वादळे ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांतली होती. लॉइड्सच्या कारकुनांना हे शंभर वर्षांपूर्वीच माहीत होते. फरक इतकाच की आता ते छापून आले.

तोवर वाफेने पंचांग मोडायला घेतले होते. रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीला १८३९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १८४२ पासून तिच्या आगबोटी टपाल घेऊन वेस्ट इंडीजला जाऊ लागल्या. टपालाला मोसम नसतो. महिन्याला दोन बोटी, बारा महिने, ही करारातली अट होती. त्यामुळे माणसाला पहिल्यांदाच हव्या त्या महिन्यात जाता येऊ लागले, आणि ‘कोणता महिना बरा’ हा प्रश्नही खऱ्या अर्थाने तेव्हाच उपस्थित झाला. शिडाच्या जहाजात तो प्रवाशाच्या हातात नव्हताच.

या स्वातंत्र्याची किंमत १८६७ मध्ये कळली. कंपनीची ऱ्होन ही दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये बांधलेली देखणी बोट. बोटींचा कोळसा एरवी सेंट थॉमसला भरला जाई. पण तिथे पीतज्वराची साथ होती, म्हणून ऱ्होन पीटर बेटाच्या आडोशाला नांगरली होती. २९ ऑक्टोबरला सकाळी वायुभारमापकाचा पारा घसरू लागला. ऑक्टोबर संपत आलेला, वादळांचे दिवस गेले असेच सर्वसाधारण मत, तेव्हा हा उत्तरेचा हिवाळी वारा असावा असा कप्तानाने अंदाज बांधला. ते चक्रीवादळ होते. केंद्र डोक्यावरून जाताना वारा थांबला, तेव्हा उघड्या समुद्रात निसटण्याची एक संधी घेतली गेली. सॉल्ट बेटाच्या टोकाशी पोचता पोचता वाऱ्याची दुसरी बाजू आली आणि बोट खडकावर फुटली. सव्वाशेच्या आसपास माणसे बुडाली. कंपनीची वाय ही दुसरी बोटही त्याच दिवशी गेली. ऱ्होनचा सांगाडा आज ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचे पाणबुड्यांचे सर्वांत आवडते ठिकाण आहे. मोसम ओळखण्यात जिथे चूक झाली, तिथे माणसे आता मोसम पाहूनच बुडी मारतात.

हौशी प्रवासी या बेटांवर तसे उशिराच आले. हवापालट करायला सांगणारा ब्रिटिश डॉक्टर क्षयाच्या रोग्याला मदीराकडे धाडी. ते बेट उष्णकटिबंधात येत नाही, पण तिथला हिवाळा इंग्लंडच्या वसंतासारखा असतो. ऑक्टोबरात जायचे आणि मेमध्ये परतायचे, ही ‘हिवाळी प्रकृतिवासा’ची चाल तिथेच रुळली. सर जेम्स क्लार्क यांच्यासारख्या पुढे राणी व्हिक्टोरियाचे वैद्य झालेल्या डॉक्टरांनी हवामान आणि रोग यांवर लिहिलेल्या पुस्तकांनी तिला अधिकार दिला. वेस्ट इंडीजचे नाव मात्र तापामुळे बदनाम होते. ते हळूहळू धुऊन काढले लेखकांनी. अँथनी ट्रॉलप टपाल खात्याच्या कामासाठी १८५८ च्या नोव्हेंबरात निघाले. चार्ल्स किंग्जली १८६९ च्या डिसेंबरात त्रिनिदादला गेले आणि त्यांनी पुस्तकाच्या नावातच नाताळ घातला. इतिहासकार फ्राउड १८८६ संपता संपता निघाले. कृष्णवर्णीय बेटवासीयांविषयी त्यांनी जे लिहिले त्याचा समाचार त्रिनिदादच्या जे. जे. थॉमस यांनी १८८९ मध्ये अख्खे पुस्तक लिहून घेतला. तिघांचीही मते वेगळी, पण तिघेही हिवाळ्यात गेले. त्यांनी पाहिलेली बेटे कोरडी, वारा असलेली, निळ्या आकाशाची. वाचणाऱ्या ब्रिटनच्या मनात बेटांचे तेच एक चित्र बसले आणि जूनमधला चिखल त्यात कधी आलाच नाही.

मोसम विकायची वस्तू आहे हे ओळखले जमैकाने. तिथे १८९० मध्ये हॉटेले बांधायला उत्तेजन देणारा कायदा झाला आणि १८९१ च्या जानेवारीत किंग्स्टनमध्ये मोठे प्रदर्शन भरले. त्याचे उद्घाटन पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने केले. जानेवारी निवडला तो पाहुण्यांसाठी. पाहुणे मात्र अपेक्षेइतके आले नाहीत, आणि जे आले त्यांत अमेरिकन बरेच होते.

त्यानंतर चित्रात आले आल्फ्रेड जोन्स, लिव्हरपूलच्या एल्डर डेम्स्टर कंपनीचे मालक आणि वेल्समध्ये जन्मलेला अस्सल धंदेवाला माणूस. कॅनरी बेटांवर त्यांची केळी होती, हॉटेल होते आणि तिथे थांबणाऱ्या बोटीही होत्या. जाताना प्रवासी, येताना केळी, असा त्यांचा हिशेब. वसाहत मंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या पाठिंब्याने त्यांनी तोच प्रयोग जमैकात केला. १९०१ मध्ये ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथहून किंग्स्टनला थेट बोटी सुरू झाल्या. ब्रिटन आणि जमैका मिळून त्यांना वर्षाला ४०,००० पौंडांचे अनुदान देत. किंग्स्टनची मर्टल बँक आणि कॉन्स्टंट स्प्रिंग ही दोन हॉटेलेही जोन्स यांनी चालवायला घेतली. लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा १८९८ मध्ये निघाली तीही यांच्याच पैशातून, आणि सिकंदराबादला मलेरियाच्या डासाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस दुसऱ्या वर्षी तिथे शिकवायला आले. १९०० मध्ये क्यूबात वॉल्टर रीड यांच्या पथकाने पीतज्वरही डासानेच पसरतो हे सिद्ध केले होते. दूषित हवेची भीती गेली, डास मारता येतो हे कळले. पावसाळ्याविरुद्धचा सर्वांत जुना आक्षेप असा निकालात निघत होता. केळी, हॉटेल, बोट आणि डासाचे शास्त्र एकाच माणसाच्या खतावणीत यावे, हे त्या काळाला धरूनच होते.

या हॉटेलांच्या ऐन मोसमात, १४ जानेवारी १९०७ रोजी दुपारी, किंग्स्टनला भूकंप झाला. पाठोपाठ आग लागली. ८०० ते १,००० माणसे मेली आणि मर्टल बँक हॉटेल जमीनदोस्त झाले. स्वतः जोन्स तेव्हा तिथेच होते. कापूस लागवडीच्या परिषदेसाठी ब्रिटनहून पाहुणे आलेले होते. मृतांमध्ये एक नाव पुण्याच्या माणसाला अनोळखी नाही: सर जेम्स फर्ग्युसन. १८८० ते १८८५ मुंबईचे गव्हर्नर असलेले हेच ते गृहस्थ. आगरकर-टिळकांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला त्यांच्या पाठबळाची आठवण म्हणून त्यांचे नाव दिले. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचेही गव्हर्नरपद त्यांनी भूषवले होते आणि रॉयल मेल कंपनीच्या संचालक मंडळावर ते होते. वय चौऱ्याहत्तर, जानेवारी महिना, कोरडी हवा. प्रवासाची वेळ कोणीही चुकीची म्हटली नसती. भूकंपाला महिने नसतात एवढेच. पुढचा अंक पुन्हा विम्याचा झाला. पॉलिसीत भूकंपाचे नुकसान वगळलेले असल्यामुळे ब्रिटिश विमा कंपन्यांनी आधी हात वर केले. आग धक्क्याने लागली की आधीच लागली होती, यावर कोर्टात बरीच झुंज झाली. जोन्स यांची बोटसेवा अनुदानाचा करार सरल्यावर १९११ मध्ये बंद पडली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उन्हाचा अर्थच पालटला. व्हिक्टोरियन बाई छत्री आणि जाळीदार बुरखा घेऊन डेकवर बसे. १९३० च्या दशकातल्या हिवाळी सफरींच्या जाहिरातींत बाई पोहण्याच्या पोशाखात उन्हात पहुडलेली दिसते. पूर्वी जानेवारी चांगला होता कारण त्या महिन्यात ऊन सोसवे. आता तो चांगला झाला कारण घरी नसलेले ऊन तिथे मिळे. मोसमाचे महिने तेच राहिले आणि कारण बदलले. असे बहुतेक रूढींचे होते.

महायुद्धानंतर परकीय चलनाच्या तुटवड्यानेही हातभार लावला. ब्रिटिश प्रवाशाला स्टर्लिंग क्षेत्राबाहेर नेता येणाऱ्या पैशावर मर्यादा असे. १९६६ मध्ये ती ५० पौंडांवर आली. जमैका, बार्बाडोस, बर्म्युडा स्टर्लिंग क्षेत्रात होते, त्यामुळे तिथे ही अडचण नव्हती. अर्थात ज्याला तिकीट परवडे त्याच्यापुरताच हा लाभ. इयन फ्लेमिंग यांनी १९४६ मध्ये जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर गोल्डनआय हे घर बांधले. वृत्तपत्रातली नोकरी धरताना दर हिवाळ्यात दोन महिने रजा मिळावी अशी अटच त्यांनी घातली होती. जेम्स बाँडच्या कादंबऱ्या १९५२ पासून दर जानेवारी-फेब्रुवारीत त्या घरात लिहिल्या गेल्या. मोसमाने एका लोकप्रिय साहित्यप्रकाराला वेळापत्रक दिले, असे उदाहरण विरळाच. सुएझच्या फजितीनंतर प्रकृती खालावलेले पंतप्रधान अँथनी ईडन १९५६ च्या नोव्हेंबरअखेर याच घरात विश्रांतीला गेले. लंडनमध्ये पेट्रोल मोजून मिळण्याची वेळ आलेली असताना पंतप्रधान नारळाच्या झाडांखाली, हे दृश्य त्यांना महागात पडले. जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. जमैकातली कित्येक उंची हॉटेले तेव्हा उन्हाळ्यात चक्क कुलूप लावत. पुढे कॉनकॉर्ड विमानाने याच मोसमाला आलिशान कळस चढवला. १९८७ पासून २००३ पर्यंत हिवाळ्यातल्या शनिवारी ते लंडनहून बार्बाडोसला चार तासांच्या आत पोचवी.

सामान्य ब्रिटिश कुटुंबाचे पंचांग मात्र याच्या नेमके उलटे होते. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी दिली. १९३८ च्या कायद्याने कामगारांना पगारी रजेची वाट मोकळी केली, आणि शाळांची लांब सुट्टी जुलैच्या शेवटापासून सहा आठवडे अशी बसली. स्कॉटलंडमध्ये ती जूनअखेरच सुरू होते. लॉइड्सच्या विमेकऱ्याने ज्या तारखेला समुद्र बंद केला, त्याच सुमारास ब्रिटनच्या शाळेचे दार सुट्टीसाठी उघडते. यातली कोंडी सर्वांत आधी अनुभवली ती पर्यटकांनी नव्हे, तर १९४८ मध्ये विंडरश जहाज आल्यानंतर ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन कुटुंबांनी. मुलांना आजी-आजोबांकडे न्यायचे तर ऑगस्ट, नाहीतर नाताळ. बार्बाडोसमध्ये ऊसतोडणी संपल्याचा क्रॉप ओव्हर हा जुना सण १९७४ मध्ये पुन्हा उभा केला गेला. त्याचा शेवटचा दिवस ऑगस्टचा पहिला सोमवार. एकेकाळी साखरेची शेवटची जहाजे सुटत त्याच दिवसांत आता लंडन-बर्मिंगहॅमहून नातवंडांनी भरलेली विमाने उतरतात. उलट दिशेचा प्रवासही असाच मजेचा. त्रिनिदादचे कार्निव्हल लेंटच्या उपवासांआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. लंडनमध्ये क्लॉडिया जोन्स यांनी ३० जानेवारी १९५९ ला ते भरवले ते सेंट पँक्रसच्या सभागृहात, छपराखाली. रस्त्यावर यायला त्याला ऋतू बदलावा लागला. नॉटिंग हिलचे कार्निव्हल आज ऑगस्टअखेरच्या सुट्टीत होते.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून शाळा चालू असताना सुट्टीवर जाण्यासाठी मुख्याध्यापक केवळ अपवादात्मक कारणानेच परवानगी देऊ शकतात, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विनापरवाना गैरहजेरीबद्दलचा दंड योग्य ठरवला. त्यामुळे ऑगस्टमध्ये एक विचित्र गणित तयार होते. बेटांवरची हॉटेले बिगरमोसमी म्हणून स्वस्त, आणि तिथे नेणारे विमान शाळांच्या सुट्टीमुळे महाग. हॉटेलचा मोसम बेटांवर ठरतो आणि तिकिटाचा ब्रिटनमध्ये.

यातून सुटण्याची एक वाट विषुववृत्त ओलांडते. मॉरिशस १८१० ते १९६८ ब्रिटिशांच्या ताब्यात होते. तिथला पाऊस आणि वादळे नोव्हेंबर ते एप्रिल, आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथला कोरडा, सौम्य हिवाळा. इंग्लंडच्या शाळेची सुट्टी आणि बेटाची चांगली हवा इथे एकत्र येतात. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना या बेटाचे आणखी एक आकर्षण असते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थी ही तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. महाराष्ट्रात गणपती पावसातून येतो, तिथे तो कोरड्या दिवसांत येतो. या बेटाच्या मोसमाचा अभ्यास करणारा माणूसही मुंबईमार्गेच आला होता. स्कॉटलंडचे चार्ल्स मेल्ड्रम १८४६ मध्ये मुंबईच्या शिक्षण खात्यात लागले, दोन वर्षांनी मॉरिशसला गेले, १८५१ मध्ये त्यांनी तिथे हवामान मंडळ काढले आणि पुढे पँपलमूसची रॉयल आल्फ्रेड वेधशाळा उभारली. हिंदी महासागरातल्या जहाजांच्या हजारो रोजनिशा त्यांनी चाळल्या होत्या. तरीही २९ एप्रिल १८९२ ला, मोसम संपला असे सारे धरून चालले असताना, पोर्ट लुईवर आलेल्या वादळाने बाराशेच्या आसपास बळी घेतले. ऱ्होनच्या कप्तानाचाच तो अनुभव, पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात.

आज अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा अधिकृतपणे मोजला जातो, आणि एक्सेटरचे हवामान कार्यालय त्याआधी, मेमध्ये, अंदाज जाहीर करते. ब्रिटिश नौदल एकेकाळी या महिन्यांत कॅरिबियनमधून पळ काढी. आता ते याच महिन्यांत मदतीचे जहाज मुद्दाम तिकडे ठेवते. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने अँग्विला आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटे झोडपली तेव्हा माउंट्स बे हे जहाज जवळच होते. विमेकरीही गेलेला नाही. कॅरिबियनमध्ये नौका ठेवणाऱ्यांच्या पॉलिसींत फार वर्षे एक अट असे: वादळी महिन्यांत नौका साधारण १२ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला हवी, नाहीतर भरपाई नाही. ग्रेनाडाचे कॅरियाकू बेट या रेघेच्या जेमतेम दक्षिणेला येते, म्हणून तिथल्या टायरेल बेच्या खारफुटीत दर उन्हाळ्यात नौकांची दाटी होई. १ जुलै २०२४ रोजी, हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, बेरिल वादळ थेट कॅरियाकूवर आदळले. दुसऱ्याच दिवशी ते पाचव्या श्रेणीचे झाले. वर्षात इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेले अटलांटिकमधले दुसरे वादळ नोंदलेले नाही. टायरेल बेमध्ये आसऱ्याला बांधलेल्या नौका खारफुटीत एकमेकींवर चढून फुटल्या.